नऊ गुणांची आघाडी आणि शेवटची फेरी

रॅलीच्या हंगामातली शेवटची फेरी तोंडावर आली की भोसरीच्या गॅरेजात आधी वही उघडते, बॉनेट नंतर. गुणांची मांडणी नेहमीची धरू: पहिल्याला २५, मग १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २ आणि दहाव्याला १. आपण नऊ गुणांनी पुढे आहोत असं समजा. मागचा गडी जिंकला तर आपल्याला दुसरं यावंच लागतं. तिसरं आलो तर त्याने दहा गुण भरून काढले आणि किताब एका गुणाने गेला. तो दुसरा आला तर आपल्याला पाचवा नंबर पुरतो, तो तिसरा आला तर सहावा. सातव्यावर बरोबरी होते, आणि मग हंगामात कोणी जास्त फेऱ्या जिंकल्या ते बघतात. तो चौथा आला तर आपण आठवे चालतो. तो सहावा किंवा त्याच्याही खाली गेला तर आपली गाडी पहिल्याच स्टेजला, म्हणजे वेळ मोजायच्या पहिल्याच तुकड्यावर, बंद पडली तरी किताब आपलाच.

ही पाच-सहा वाक्यं नॅव्हिगेटरच्या, म्हणजे शेजारी बसून वाट वाचणाऱ्याच्या, फोल्डरच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात चिकटवायची. दुपारी धुळीने डोळे भरलेले असताना वजाबाकी करायची वेळ येऊ नये.

नियमावलीत एक ओळ शोधून वाचावीच लागते: सगळ्यांत कमी गुणांची फेरी वगळायची तरतूद आहे का? असेल तर वरचं सगळं गणित बदलतं. समजा आपण प्रत्येक फेरीत गुण मिळवलेत आणि त्यातली सगळ्यांत कमी ८ गुणांची आहे. आता शेवटच्या फेरीत १८ मिळाले तरी ते ८ गळून जातात, म्हणजे खरी भर दहाचीच पडते. मागच्या गड्याची एक फेरी शून्याची असेल तर त्याचं शून्य गळतं आणि त्याला मात्र पूर्ण २५ मिळतात. कागदावर नऊची दिसणारी आघाडी अशा वेळी एकाची असू शकते. शेवटच्या स्टेजला वेगळे बोनस गुण आहेत का, तेही त्याच वेळी बघून ठेवायचं.

जागतिक रॅली स्पर्धेतली उदाहरणं याच गणिताची आहेत. १९९८ मध्ये ब्रिटनच्या फेरीत टॉमी मॅकिनेन पहिल्याच दिवशी बाद झाला होता. कार्लोस सेन्झला चौथा नंबर पुरणार होता आणि तो चौथाच चालला होता. शेवटच्या स्टेजचा शेवट जेमतेम ३०० मीटरवर असताना त्याच्या टोयोटाचं इंजिन बसलं आणि किताब ५८ विरुद्ध ५६ असा मॅकिनेनकडे गेला. २००३ मध्ये पेटर सोल्बर्ग ७२ आणि सेबास्टियन लोब ७१. लोबच्या संघाला कंपन्यांचा किताब पक्का करायचा होता म्हणून त्याला आवरतं घ्यायला सांगितलं गेलं. २०२० ला मोंझाच्या फेरीला एल्फिन एव्हान्स १४ गुण पुढे घेऊन आला, शनिवारी बर्फाळ घाटात रस्त्याबाहेर गेला आणि सेबास्टियन ओजिए आठ गुणांनी जिंकला. हरलेल्या तिघांच्याही वेगाबद्दल कोणाला शंका नव्हती. शेवटच्या फेरीत आपण थोडा वेग देऊन खात्री घेत असतो, आणि किती वेग द्यायचा हे पुण्यातून निघण्याआधीच ठरलेलं असावं लागतं.

आता गाडी. आमची १६०० सीसीची, पुढची चाकं ओढणारी हॅचबॅक आहे. शेवटच्या फेरीपर्यंत हिने हंगामभर दगड खाल्लेले असतात, आणि जे तुटतं ते बहुतेक वेळा आधीच्या फेरीत अर्धवट दमलेलं असतं. म्हणून इंजिनाच्या आधी खालचा भाग सोडवायचा. संप गार्ड, म्हणजे इंजिनाखालचा जाड पत्रा, उतरवून त्याचे बोल्ट बघायचे. वाकलेला बोल्ट सरळ करून परत वापरायचा मोह होतो, कारण बाहेरून तो धड दिसतो; पण त्याचे आटे ताणलेले असतात आणि गार्ड नेमका चढावर सुटतो. गार्ड लटकला की पुढचा दगड थेट ऑइल चेंबरला. सबफ्रेमचे बोल्ट नवेच लागतात. लोअर आर्मचे बुश पहारीने दाबून बघायचे. रबर धातूपासून सुटायला लागलं असेल तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला खेचते आणि ड्रायव्हर अलाइनमेंटला दोष देतो. शॉकअपच्या वरच्या माउंटिंगपाशी बॉडीच्या पत्र्याला तडा गेलाय का ते रंग खरवडून बघावं लागतं. धूळ आणि रंग मिळून तडा झाकतात.

ड्राइव्हशाफ्टचा बूट, म्हणजे सांध्यावरचं रबरी आवरण, फाटलेला दिसला की नवीन बूट चढवून मोकळं व्हायचं नाही. फाटल्यावर ग्रीसमध्ये किती मुरूम गेला कोण जाणे. आतला सीव्ही जॉइंट धुऊन गोळ्यांच्या वाटांवर बोट फिरवायचं, खड्डा लागला तर जॉइंटच बदलायचा. नाना पेठेत बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बेअरिंग, क्लिपा सगळं एका फेरीत मिळतं. फक्त दुकानदार एकाच भागाचे दोन-तीन भाव सांगतो, त्यातला मधला घेऊ नये. एक तर कंपनीचा घ्यावा, नाहीतर गाडीला लावूच नये.

नवा भाग लावला की तो पुण्यातच चालवून बसवायचा. नवे ब्रेक पॅड गरम-गार होऊन डिस्कवर बसले नाहीत तर पहिल्या उतारावर पॅडल दगडासारखं कडक लागतं आणि गाडी थांबत नाही. नव्या क्लचचंही तेच. सार्वजनिक रस्त्यावर हे करायचं नसतं. कोणाच्या तरी खाजगी जमिनीवर, मालकाची परवानगी घेऊन, अग्निशामक आणि एक माणूस बाजूला ठेवून करायचं. शेवटच्या फेरीला नवी सस्पेन्शन सेटिंग, इंजिनाच्या संगणकाचं नवं (ईसीयू) मॅपिंग असलं काही आणणारे लोक दरवर्षी दिसतात. त्यांना शुभेच्छा.

ब्रेक ऑइल मात्र पूर्ण बदलायचंच. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण हवेतली ओल शोषल्यावर हीच खात्री १५५ अंशांवर येते. पावसाळाभर डब्यात राहिलेलं ऑइल दिसायला स्वच्छ असतं. घाट उतरताना कॅलिपरमध्ये त्याची वाफ होते आणि पॅडल थेट तळाला जातं.

तांत्रिक तपासणीत गाडीपेक्षा तारखांवर लोक जास्त अडकतात, आणि शेवटच्या फेरीत तर हमखास, कारण हंगामाच्या सुरुवातीला वैध असलेली वस्तू आता मुदतीबाहेर गेलेली असते. सीट, सहा पट्ट्यांचा हार्नेस, गाडीत पाइपांनी बसवलेला (प्लंब्ड) अग्निशामक, सगळ्यांची लेबलं मोबाइलवर फोटो काढून एकत्र ठेवायची. हातातला अग्निशामक पावडरचा असेल तर किमान दोन किलो, फोमचा असेल तर २.४ लिटर, आणि दोन वर्षांच्या आत तपासल्याची चिठ्ठी त्यावर हवी. हार्नेसचं लेबल उन्हाने आणि घामाने पुसलं गेलं तर पट्टा कितीही नवा असो, तपासनीस तो बाद धरतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. हेल्मेट, मान सांभाळणारं हान्स, आग न लागणारा सूट, हातमोजे, आतले कपडे, सगळं टेबलावर मांडायचं. सूटवर रक्तगट लिहिलेला असावा. गाडीत दोन्ही माणसांच्या हाताला येतील असे पट्टे कापायचे दोन कटर, लाल परावर्तक त्रिकोण, एका बाजूला लाल एसओएस आणि दुसऱ्या बाजूला हिरवं ओके असलेला ए-३ आकाराचा फलक. बाहेरून करंट तोडायच्या स्विचवर निळ्या त्रिकोणात लाल वीज, आणि अग्निशामकाच्या दांड्यावर पांढऱ्या गोलात लाल ई. मडफ्लॅप घासलेले असतील तर तेही बदलायचे. कागदांत मोटरस्पोर्ट फेडरेशनचे परवाने, वैद्यकीय दाखला, गाडीचं आरसी, विमा, पीयूसी. स्टेजेसच्या मधले रस्ते वाहतुकीला खुले असतात, त्यामुळे तिथे आपण इतरांसारखेच वाहनचालक.

गाडी दक्षिणेत न्यायची असेल तर ट्रकवर चढवून चारही चाकांवर रॅचेट पट्टे टाकायचे. पट्टा टायरवरून न्यायचा. बॉडीला बांधला तर सस्पेन्शन वर-खाली होत राहतं आणि पट्टा सुटतो. कितीही आवळले तरी पहिल्या तासाभरात ते ढिले पडतात. खेड शिवापूरच्या टोल नाक्याच्या पुढे कडेला थांबून पुन्हा आवळायचे, मगच खंबाटकी चढायची.

रेकीला, म्हणजे स्पर्धेआधी रस्ता बघायला, गाडी साधी, रस्त्यावरची. सहसा प्रत्येक स्टेज दोनदा बघायला मिळते, तीही वेगमर्यादा पाळून, समोरून बैलगाडी आणि शाळेची मुलं येत असताना. पहिल्या खेपेला ड्रायव्हर बोलतो आणि नॅव्हिगेटर लिहितो. दुसऱ्या खेपेला नॅव्हिगेटर वाचतो आणि ड्रायव्हर दुरुस्त करतो. वळणाला १ ते ६ आकडा: १ म्हणजे हेअरपिन, ६ म्हणजे जवळजवळ सरळ. मधलं अंतर मीटरमध्ये. बहुतेक जोड्या इंग्रजीत नोट्स काढतात, आमच्यात मिश्रण चालतं. वहीतली एक ओळ अशी असते: ‘शंभर, उजवा चार, चढावरून, पुढे आवळतोय, साठ, डावा तीन, कापायचा नाही, आत दगड.’

ही ओळ नुसती बोलायलाच पाच-सहा सेकंद जातात. ताशी ९० च्या वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते, म्हणजे मधले साठ मीटर अडीच सेकंदांच्या आत संपतात. त्यामुळे गाडी उजव्या चारच्या तोंडाशी असताना नॅव्हिगेटरच्या ओठांवर डावा तीन असावा लागतो. फार आधी बोलला तर ड्रायव्हर विसरतो, उशिरा बोलला तर ऐकून उपयोग नाही. चढावर गाडी मंदावते तिथे आवाज संथ, उतारावर घाईचा. नोट्स चांगल्या असूनही वेळ येत नसेल तर बहुतेकदा हा ताल चुकलेला असतो.

शेवटच्या फेरीसाठी नोट्समध्ये आम्ही एक थर वाढवतो. जिथे गाडी जाऊ शकते पण गेली तर परत येत नाही, अशा जागांना लाल गोल: कडेला विहीर, मोरीचा कठडा, वळणाच्या आतला पुरलेला दगड, शेताचा खोल बांध. एरवी तिथे ‘सांभाळ’ म्हणून पुढे जातो. या फेरीत आकडा एकाने खाली उतरवून वाचायचं ठरलेलं असतं. वीस किलोमीटरच्या स्टेजमध्ये असे आठ-दहा गोल निघतात. प्रत्येकी अर्धा सेकंद सोडला तर चार-पाच सेकंदांचा खर्च, आणि तो आधीच हिशेबात धरलेला.

जमीन बघणं हा रेकीचा दुसरा अर्धा भाग. पुण्याच्या आसपासचा मुरूम दाबून बसतो आणि वरची खडी बेसाल्टची, धारदार. टायरची बाजू कापते. कर्नाटकाच्या लाल मातीत वर सुटी बारीक खडी असते, चाक त्यावर तरंगतं आणि ब्रेकचं अंतर वाढतं. काळ्या मातीचा पट्टा आला आणि पाऊस झाला तर टायरच्या खाचा भरून जातात. मग त्या टायरचं नाव काय आणि भाव काय याला अर्थ उरत नाही. पहिली गाडी रस्ता झाडते, म्हणून सुट्या खडीवर आघाडीच्या गाडीचं नुकसान होतं. त्याच स्टेजच्या दुसऱ्या खेपेला चाकोऱ्या खोल झालेल्या असतात आणि पहिल्या खेपेत जमिनीत असलेले दगड उपटून वर आलेले असतात. पहिल्या खेपेच्या नोट्स दुसऱ्या खेपेला तशाच वाचायच्या नाहीत. मधल्या रस्त्यावर पाच मिनिटं मिळाली की ड्रायव्हरच्या तोंडून बदल ऐकून पेन्सिलीने खुणा करायच्या.

स्पर्धेच्या दिवशी मात्र घड्याळाचा मालक नॅव्हिगेटर. टाइम कंट्रोलचा, म्हणजे वेळ नोंदवायच्या चौकीचा, नियम सोपा आहे, तरी किताब तिथेच जातात. सर्व्हिसमधून, म्हणजे दुरुस्तीच्या तळावरून, १०:४२ ला निघालो आणि पुढच्या कंट्रोलला ३५ मिनिटं दिली असतील तर आपलं मिनिट ११:१७. घड्याळाच्या चित्राची पिवळी पाटी म्हणजे हद्दीची सुरुवात; तिच्या आत गाडी ११:१६ च्या मिनिटात किंवा ११:१७ च्या मिनिटात न्यायची. लाल पाटीपाशी वेळेचं कार्ड मात्र ११:१७:०० ते ११:१७:५९ याच वेळात द्यायचं. ११:१८ झाले तर दहा सेकंद दंड, ११:२० झाले तर तीस. पण ११:१६ ला कार्ड दिलं तर पूर्ण एक मिनिट. लवकर जाणं उशिरापेक्षा सहापट महाग, आणि घाबरलेला माणूस नेहमी लवकर जातो. पिवळ्या पाटीआधी गाड्यांची रांग असते, मागून कोणीतरी हॉर्न देतं, मार्शल आपल्याकडे बघत असतो, आणि ड्रायव्हरचा पाय क्लचवरून उठतो. तिथे आवाज न चढवता सांगायचं: ‘दादा, अजून चाळीस सेकंद. गाडी हलवू नकोस.’

मिनिटाचा दंड म्हणजे किती, हे स्टेजच्या भाषेत मोजलं की गांभीर्य कळतं. प्रतिस्पर्ध्यापेक्षा किलोमीटरला अर्धा सेकंद वेगाने चालवलं तर साठ सेकंद भरून काढायला १२० किलोमीटरची स्टेज लागते. आपल्याकडच्या बऱ्याच फेऱ्यांमध्ये दिवसभरात तेवढी स्टेजच नसते.

कंट्रोलपासून स्टेजच्या स्टार्टपर्यंत साधारण तीन मिनिटं. त्यात हार्नेस शेवटचा आवळायचा, हेल्मेटची वायर जोडून इंटरकॉम तपासायचा, नोट्सचं पान आणि स्टेजचा नंबर जुळतो का बघायचा. दुसऱ्याच स्टेजचं पान उघडून सुटलेल्या जोड्या असतात. वेळेआधी गाडी हलली तर पहिल्यांदा दहा सेकंद, दुसऱ्यांदा एक मिनिट. वारा नसलेल्या डिसेंबरच्या सकाळी धूळ रस्त्यावरच लोंबकळते. दोन गाड्यांमधलं अंतर एकाऐवजी दोन मिनिटं मिळावं म्हणून स्टार्टला गेल्यावर हात हलवून उपयोग नसतो, आयोजकांकडे आधीच विनंती जायला हवी. शेवटाला चौकड्याची पिवळी पाटी, मग लाल, आणि त्यापुढे दीडशे ते तीनशे मीटरवर स्टॉप. पिवळ्यापासून स्टॉपपर्यंत मध्ये थांबायचं नाही, आणि स्टॉप ओलांडून पुढे गेलो तर गाडी मागे घ्यायची नाही. नॅव्हिगेटरने कार्ड घेऊन पळत जायचं. कार्डवर लिहिलेली वेळ आपल्या स्टॉपवॉचशी तिथेच ताडून बघायची. संध्याकाळी आठवलं तर उशीर झालेला असतो.

आता तो भाव, किती वेग द्यायचा. आपण ३१ सेकंद पुढे आहोत आणि १८, १२ आणि १४ अशा तीन स्टेज उरल्या आहेत. एकूण ४४ किलोमीटर. ३१ भागिले ४४ म्हणजे किलोमीटरला ०.७ सेकंद आपण देऊ शकतो. सगळे द्यायचे नाहीत, निम्मे ठेवायचे, म्हणजे एका पंक्चरला नाही तरी एका वळणाला गाडी गरकन फिरून उलट्या तोंडाने उभी राहिली तर पुरतील. म्हणजे दर किलोमीटरला ०.३५. हा आकडा ड्रायव्हरला देऊन फायदा नसतो. त्याला ‘लाल गोलाला एक आकडा खाली, बाकी नेहमीसारखं’ एवढंच सांगायचं. ‘सावकाश चालव’ म्हटलेल्या ड्रायव्हरचा ताल बिघडतो. तो ब्रेक लवकर मारतो, मग गाडीचं वजन चुकीच्या वेळी मागे जातं, पुढची चाकं पकड सोडतात आणि सरळ बांधावर.

पंक्चरचा निर्णयही आधी ठरलेला असावा. सराव असलेल्या जोडीला स्टेजमध्ये चाक बदलायला अडीच ते तीन मिनिटं लागतात. बसलेल्या टायरवर चालत राहिलं तर किलोमीटरला दहा-पंधरा सेकंद जातात. नुसत्या आकड्यांनी बारा किलोमीटरपर्यंत न थांबणं स्वस्त वाटतं, पण पाच-सहा किलोमीटरनंतर टायर सोलून त्याच्या चिंध्या ब्रेकच्या पाइपला आणि वायरिंगला मारायला लागतात. आमचा नियम: सहाच्या आत उरले असतील तर चालत राहा, दहाच्या वर असतील तर थांबा, मधल्यात पुढचं चाक असेल तर थांबा आणि मागचं असेल तर ओढा. थांबायचं ते वळण संपल्यावर सरळ भागात, आणि आधी त्रिकोण निदान ५० मीटर मागे, मग जॅक.

पेट्रोलचं गणित छोटं आहे. आमची गाडी स्टेजवर लिटरला तीन-चार किलोमीटर देते, मधल्या रस्त्यावर दहा. चाळीस किलोमीटर स्टेज आणि सत्तर किलोमीटर रस्ता असेल तर १३ अधिक ७, वर पाच राखीव, म्हणजे २५-२६ लिटर. टाकी भरून निघालेली गाडी उगीच पंधरा-वीस किलो जास्त वाहते. इंधन ठरवून दिलेल्या जागीच भरायचं. सर्व्हिसमध्ये कॅन उघडला तर दंड.

अर्ध्या तासाच्या सर्व्हिसमध्ये चार माणसं आणि एक घड्याळवाला पुरतो. गाडी आत येण्याआधी खाली ताडपत्री, बाजूला अग्निशामक. गाडी जॅकवर घेतली की घोडे, म्हणजे आधाराचे स्टँड, लावल्याशिवाय कोणी खाली जात नाही, मग किताब गेला तरी चालेल. ड्रायव्हर दोन मिनिटांत काय लागलं, काय वाजलं ते सांगतो आणि बाजूला होतो. त्याने पाना हातात घ्यायचा नाही. चारही चाकं उतरतात, प्रत्येक कोपऱ्याला एक माणूस: बॉल जॉइंट, टाय रॉड, बूट, ब्रेक पाइप, पॅडची जाडी. एअर फिल्टर झटकत बसायचं नाही, धुऊन वाळवलेला दुसरा टाकायचा. रेडिएटरच्या जाळीतला चिखल मागून पुढे पाणी मारून काढायचा. पुढून मारला तर तो आतच बसतो आणि तापमानाचा काटा पुढच्या चढावर वर जातो. विसाव्या मिनिटानंतर नवीन काही उघडायचं नाही. हा नियम मोडायची इच्छा प्रत्येक सर्व्हिसला होते, कारण बाविसाव्या मिनिटालाच कोणाला तरी गिअरबॉक्सच्या सीलपाशी ऑइल दिसतं. तेव्हा मामा, म्हणजे आमचे मिस्त्री, चिंधीने ते पुसतात, पंधरा सेकंद बघतात. थेंब जमला नाही तर गाडी खाली. जमला तर वरून ऑइल भरून पुढच्या सर्व्हिसपर्यंत ढकलायचं आणि सील तेव्हा काढायचं.

चाकं टॉर्क रेंचने १२० न्यूटन-मीटरला आवळून प्रत्येक नटवर पेंट मार्करची रेघ, नटपासून रिमपर्यंत सलग. पुढच्या कंट्रोलपाशी गाडी उभी असताना नॅव्हिगेटर खाली उतरून रेघा बघतो. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला आहे. सगळ्यांत स्वस्त तपासणी हीच.

सुरक्षेचं एक सांगतो, कारण शेवटच्या फेरीत गर्दी जास्त असते. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेरजवळच्या राष्ट्रीय फेरीत बंद केलेल्या स्टेजवर मोटरसायकल आली आणि एकाच कुटुंबातले तिघे गेले. स्पर्धकांच्या आधी रस्ता तपासणारी झीरो कार जाऊन आली, मार्शल उभे आहेत, म्हणजे रस्ता रिकामा, असं गावच्या स्टेजवर धरून चालता येत नाही. शेताकडे जाणाऱ्या प्रत्येक पायवाटेची नोट्समध्ये खूण असते. लाल झेंडा दिसला की त्याच क्षणी वेग सोडायचा. त्या स्टेजची वेळ अधिकारी हिशेबाने देतात, नुकसान होत नाही. आपली गाडी उलटली आणि दोघेही धड असलो तर मागून येणाऱ्या निदान तीन गाड्यांना ओके दाखवायचं. समोर एसओएस दिसला तर थांबायचं, मग आपण किताबाच्या शर्यतीत असो वा नसो.

शेवटची स्टेज संपली म्हणजे रॅली संपली असं धरून बेल्ट सोडणारे पुढच्या मधल्या रस्त्यावर वेळ घालवतात. अजून एक-दोन कंट्रोल असतात आणि तिथले दंड तेवढेच खरे. गाडी पार्क फर्मेत, म्हणजे अधिकाऱ्यांच्या ताब्यातल्या बंद तळावर, गेली की आपला हात सुटला. तिथे बॉनेट उघडता येत नाही, टायरची हवासुद्धा तपासता येत नाही. तात्पुरता निकाल लागल्यावर हरकत घ्यायला अर्धा तास असतो. त्या अर्ध्या तासात नॅव्हिगेटर जेवत नाही. तो बोर्डावरच्या प्रत्येक स्टेजची वेळ आणि प्रत्येक दंड आपल्या वहीशी लावतो, प्रतिस्पर्ध्याचेही.

किताब लागणाऱ्या गाडीला अंतिम तपासणीसाठी उघडतात. त्यासाठी घरूनच हेड गास्केट, ऑइल, कूलंट, लागणारे सॉकेट आणि इंजिन खोलणारा माणूस बरोबर न्यायचा, कारण खोलायचं काम आपल्याच मिस्त्रीने तपासनिसासमोर करायचं असतं. बोअर आणि स्ट्रोक मोजतात, व्हॉल्व्ह मोजतात, कॅमशाफ्टची उंची बघतात, गिअरचे दात मोजतात, आणि होमोलोगेशनच्या, म्हणजे गाडीच्या मंजूर मापांच्या, कागदाशी ताडतात. त्या कागदाची आपली प्रत सोबत असली तर एक-दोन तास वाचतात. तपासणीनंतर भागांना सील मारलं असेल तर अंतिम निकाल सहीनिशी हातात येईपर्यंत ते तोडायचं नाही, गाडी ट्रकवर चढवायची घाई असली तरी. भोसरीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात गिअरबॉक्सचं ऑइल पांढऱ्या पातेल्यात काढून चुंबक फिरवायचं: बारीक राखाडी लगदा चालतो, टोचणारा तुकडा निघाला तर डबा तेव्हाच खोलायचा. मार्चपर्यंत गाडी पडून राहिली की त्या तुकड्याचं गांभीर्य कोणालाच आठवत नाही.